बाबूजी विड्रॉल लिहीत नाहीत

बाबूजी कोणताही अर्ज लिहून द्यायचे. सातबाऱ्यावर नाव चढवायचा, रेशन कार्डातून नाव कमी करायचा, विजेचा खांब वाकल्याचा, शेजाऱ्यानं नालीत माती टाकल्याचा. एकदा तर बायको माहेरून परत येत नाही म्हणून एका माणसानं थेट तहसीलदारांना अर्ज करायचा हट्ट धरला, तोही त्यांनी लिहून दिला. फक्त एक कागद लिहायला ते तयार नसत. मागे घेण्याचा.

कचेरीसमोरचे सगळे त्यांना बयाड, म्हणजे वेडा, म्हातारा म्हणत. मला त्या सगळ्यांचा अजून राग येतो. मीही त्यांच्यातलीच होते, म्हणून तर जास्तच येतो.

कोणती कचेरी ते सांगत नाही. मी तेव्हा केळझरहून रोज एस.टी.नं यायची. घरी वांगी-टमाट्याची शेती, ती भाऊ बघायचा. मी बी.ए. करून टायपिंग शिकले होते. कचेरीच्या भिंतीला लागून टिनाचं शेड होतं, त्याखाली माझं टेबल, त्यावर एक कॉम्प्युटर आणि एक प्रिंटर. शेजारी बाबूजींचं टेबल. त्यावर दोन पेनं, कार्बन पेपर आणि पाण्याची बाटली.

ते नालवाडीहून सायकलनं यायचे. कॅरिअरला दोरीनं बांधलेलं लाकडी स्टूल असायचं. टेबल इथंच साखळीनं बांधून ठेवलेलं, पण स्टूल रोज घरी न्यायचे. एकदा आधीचं चोरीला गेलं होतं. त्या चोरीचा अर्ज त्यांनी स्वतःच लिहून दिला होता, आणि स्टूल काही मिळालं नाही तरी अर्जाची पोच मात्र त्यांनी जपून ठेवली होती. उन्हाळ्यात पत्रा तापला की ते डोक्यावर ओला दुपट्टा घ्यायचे आणि त्याचं पाणी कागदावर गळू नये म्हणून मान मागे ओढून लिहायचे. दुरून बघणाऱ्याला वाटायचं, हा माणूस कागदावर चिडलाय. बरेचदा चिडलेले असायचेही.

'नम्र विनंती' हे शब्द त्यांना चालत नसत. "विनंती कशाले?" म्हणायचे. "खांब काय तुमच्या घरचा हाय? त्याहीचा खांब, त्याहीनंच वाकू देला. सांगतो म्हणून लिहा." मग तिथं 'कळवण्यात येते की' असं यायचं. समोरचा घाबरायचा. साहेबाला राग आला तर? "येऊ द्या," बाबूजी म्हणायचे, "रागावलं की माणूस कागद वाचते तरी."

अर्ज लिहून झाला की ते तो मोठ्यानं वाचून दाखवायचे. समोरच्याची बस चुकत असली तरी. वाचून झाल्यावर चष्म्यावरून बघून विचारायचे, "हे तुमचंच म्हणणं होय ना? का माहं हाय?" माणूस म्हणायचा, माझंच. "मंग सांगा बरं काय हाय यात." माणसाला ते आपल्या शब्दांत सांगावं लागायचं. जमलं नाही तर कागद फाडून पुन्हा. माझ्याकडे तोवर तीन गिऱ्हाइकं होऊन जायची. मला हसू यायचं.

आमच्याकडे मागे घेण्याला सगळे विड्रॉल म्हणतात. बँकेची चिठ्ठी विड्रॉल, निवडणुकीतला फॉर्म परत घेणं विड्रॉल, ठाण्यातली तक्रार, कोर्टातली केस, मोडलेली सोयरीक, परत घेतलेला राजीनामा, सगळं विड्रॉल. माघार म्हटलं की कुणीतरी हरल्यासारखं वाटतं. विड्रॉल म्हटलं की नुसता कागद वाटतो, त्यावर शिक्का मारला की काम झालं. हा शब्द बाबूजींच्या डोक्यात जायचा. कचेरीच्या दारात फिरणारा एक एजंट होता, चकचकीत बूट घालणारा, त्याच्या तोंडी दिवसातून वीस वेळा हाच शब्द.

"बाबूजी, एक विड्रॉल हाय, पटकन लिहून द्या."

"कायचा?"

"केसचा हो. ह्या बाईचा."

"कोण घेऊन राह्यलं मागे?"

"बाईच."

"मंग तू काऊन बोलून राह्यला? तिले बोलू दे. तू तिकडं जा, सायकल स्टँडपाशी."

एजंट जायचा नाही. बाबूजी पेनाला टोपण लावायचे. झालं.

तसा त्यांचा नकार पूर्ण नव्हता. त्यांच्या दोन अटी होत्या. बाईनं किंवा बाप्यानं एकट्यानं येऊन आपल्या तोंडानं कारण सांगायचं, आणि ते कारण अर्जात जसंच्या तसं लिहायचं. कारण कोणालाच लिहायचं नसायचं. सगळ्यांना ती एक ओळ हवी असायची: 'मी स्वखुशीने, कोणाच्याही दबावाखाली न येता, सदर तक्रार मागे घेत आहे.' या ओळीवर बाबूजी इतके चिडायचे की त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या.

"जो खुशीनं येते ना पोरी, त्याले खुशीनं आलो म्हणून लिहा लागते का?" त्यांनी मला एकदा विचारलं. "तू बजारात जाते तवा लिहून देते का, मी स्वखुशीनं भाजी घ्यायले आली म्हणून?"

मी म्हटलं, "फॉरमॅटच तसा आहे बाबूजी."

"फॉरमॅट कोणं बनवला?"

मला काय माहीत? माझ्या कॉम्प्युटरमध्ये तो होता. नाव बदलायचं, तारीख बदलायची, प्रिंट काढायची. बाबूजी ज्यांना परत पाठवायचे ती माणसं एक पाऊल बाजूला सरकून माझ्याकडे यायची. माझा धंदा त्यांच्या नकारावर चालत होता असं म्हटलं तरी चालेल. त्यांनी कधी मला त्यावरून बोल लावला नाही. फक्त म्हणायचे, "विचारून लिहत जाजो."

मी विचारत नव्हते.

कचेरीपासून जवळच्या एका गावातली बेबीताई ही भाजी पिकवणारी बाई. पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर, मेथी, भेंडी. आठवडी बाजारात बसायची. तिच्या वावराच्या मागून नाला जातो. त्या नाल्यात एकानं दारूची भट्टी लावली होती. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे हे बाहेरच्या लोकांना सांगितलं की ते हसतात, आणि त्यांनी हसू नये असं आमच्याकडे सांगण्यासारखं काही नाही. भट्टीचा मालक मोठ्या माणसांत उठबस असलेला. बेबीताईचा नवरा सकाळी पाणी द्यायला वावरात जायचा आणि नाल्यावरूनच परत यायचा.

तिनं गावातल्या अकरा बाया गोळा केल्या आणि सगळ्यांना घेऊन बाबूजींसमोर आली. त्या दिवशी बाबूजींनी साडेतीन तास घेतले. एकेका बाईला विचारलं, कधी पाहिलं, काय पाहिलं, कोणाच्या घरी काय झालं. शेवटी बारा सह्यांचा अर्ज झाला. चौघी-पाचजणी अक्षरं जोडत जोडत सही करणाऱ्या. बेबीताई चौथी शिकलेली. तिनं आपलं नाव लिहिलं तेव्हा जीभ ओठांत धरली होती. बाबूजी म्हणाले, "घाई नको करू. नाव हाय ते, ओझं नाई." सही झाल्यावर बाबूजी सगळ्यांना घेऊन खिडकीवर गेले. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही, हा त्यांचा नेम. घेऊन आले.

अर्जानं काम केलं, हे मला तेव्हा खरं वाटलं नव्हतं. धाड पडली, भट्टी फुटली, नाला कोरडा झाला. आणि दुसऱ्याच दिवशी एजंट आला.

"बाबूजी, बारा विड्रॉल हाय. घ्या करून."

"बाया कुठी हाय?"

"येऊन राह्यल्या."

ऑटोत भरून बाया आल्या. दोन खेपा झाल्या. सोबत तीन बाप्ये. बायांना भिंतीच्या सावलीला बसवलं. त्यांच्यातली एकही वर बघत नव्हती. बाबूजी उठून त्यांच्यापाशी गेले. म्हणाले, "एकेकीनं माह्यापाशी या. मी विचारतो, मंग लिहतो. भिऊ नका." एक बाप्या मध्ये आला आणि हसत हसत त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बाबा, तुमी बसा. गरमी हाय." आणि त्यांना टेबलापर्यंत आणून सोडलं. खांद्यावरचा तो हात मला अजून दिसतो. त्याच्यात मारण्याचं काही नव्हतं. मारलं असतं तर निदान त्याचा अर्ज तरी झाला असता.

मग एजंट माझ्या टेबलापाशी आला.

मी टाइप केलं. फॉरमॅट होताच. बारा वेळा नाव बदललं. खाली 'निशाणी डावा अंगठा' हे आधीच होतं, ते काढायचे कष्ट मी घेतले नाहीत. बाया एकेक उठून येत होत्या आणि शाईच्या डबीवर अंगठा दाबत होत्या. एक म्हणाली, "बाई, मले सही येते."

मी म्हटलं, "राहू द्या, अंगठाच चालतो."

हे मी म्हटलं. दुसऱ्या कोणी नाही.

बारावा कागद राहिला. एजंट म्हणाला, "बेबीबाई बिमार हाय, घरी जाऊन घेतो अंगठा." मी बारावा कागद त्याच्या हातात दिला. बाबूजी शेजारी पेनाला टोपण लावून, मांडीवर दोन्ही हात ठेवून बसले होते. एकदा म्हणाले, "पोरी, विचारजो." मी प्रिंटरमध्ये कागद भरत होते. तशीच भरत राहिले.

चार दिवसांनी, दुपारी, बेबीताई एका ऑटोतून उतरली. पदर सुटलेला, पायात दोन वेगवेगळ्या चपला. ती सरळ बाबूजींपाशी आली आणि टेबलाचा काठ धरून म्हणाली, "बाबूजी, म्या नाई केला. देवाशपथ म्या नाई केला."

"काय नाई केला?"

"विड्रॉल! डॉक्टर म्हणते विड्रॉल झाला. म्या कुठीच सही नाई देली. मंग कोणं केला?"

बाबूजींनी तिला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. हळूहळू सगळं बाहेर आलं. भट्टी बंद झाली तशी नवऱ्याची दारू एकदम तुटली. दुसऱ्या दिवशी हात कापायला लागले. तिसऱ्या दिवशी त्याला भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या, तो त्या झाडूनं झाडत होता. मग फिट आली. सावंगीच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरणीनं तिला नीट समजावलं होतं की घाबरू नका, दारू अचानक बंद झाल्यामुळे हे विड्रॉल आहे, चार-पाच दिवस जपावं लागेल. बेबीताईला त्यातला एकच शब्द ओळखीचा होता. त्या शब्दाचा तिला माहीत असलेला अर्थ एकच होता. तिला वाटलं, आपली तक्रार कोणीतरी मागे घेतली, आणि ती बातमी दवाखान्यापर्यंत पोचली. नवऱ्याला सलाइन लावलेली असताना ती तिथून उठून कचेरीत आली होती.

शेडखालचे दोघं-तिघं हसले. मीही हसले असते, पण मला तो बारावा कागद आठवला.

बाबूजी हसले नाहीत. ते म्हणाले, "डॉक्टरीनबाईचा विड्रॉल येगळा हाय, बेबी. त्याच्या आंगातून दारू निघून राह्यली, म्हणून आंग तरफडून राह्यलं. तो चांगल्यासाठी हाय. पण तू आलीच हाय तं थांब. पाहून येतो."

ते आत गेले. अर्धा-पाऊण तास लागला. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात झेरॉक्स होती. त्यांनी ती टेबलावर ठेवली. बेबीताईचं नाव, स्वखुशीने, कोणाच्याही दबावाखाली न येता, आणि खाली एक जाडजूड अंगठा. निशाणी डावा अंगठा.

बेबीताईनं कागदाकडे बघितलं. मग स्वतःच्या अंगठ्याकडे बघितलं. "मी तं सही करतो," ती म्हणाली. आमच्याकडे बायाही 'मी करतो'च म्हणतात. त्या दिवशी ते शब्द मला नवेच वाटले.

बाबूजी माझ्याकडे वळले. मी वाट बघत होते की आता ते बोलतील, सगळ्यांसमोर बोलतील, आणि मला रडता येईल. ते एवढंच म्हणाले, "बाराव्या कागदाच्या बाईले तू पाह्यलं होतं?"

"नाही."

"मंग तेच लिही."

"तुम्ही लिहा ना बाबूजी."

"माह्या हातचं नोहे ते. तू टाइप केलं, तूच टाइप कर."

मी टाइप केलं. सदर अर्ज मी टंकलिखित केला असून त्या वेळी अर्जदार बाई माझ्यासमोर हजर नव्हती. कागद अमुक व्यक्तीने माझ्याकडून नेला. दोनच वाक्यं. माझ्या बोटांना ती बारा अर्जांपेक्षा जड गेली. बाबूजींनी ती मला मोठ्यानं वाचायला लावली, विचारलं, "तुहंच म्हणणं होय?", आणि मी हो म्हटल्यावर मला खिडकीवर पाठवलं. मी पोच घेऊन आले.

तिसऱ्या दिवशी केळझरला आमच्या घरासमोर दोन मोटारसायकली थांबल्या. एजंट होता, आणि बाबूजींच्या खांद्यावर हात ठेवणारा तो. चहा प्यायले. माझ्या भावाला म्हणाले, "तुमच्या बहिणीची सोयरीक हिंगणघाटले जमून राह्यली म्हणे. चांगलं हाय. पोरगी कचेरीत बाप्यात बसते, लोक काई बी बोलते. एक विड्रॉल देऊन द्या, विषय खतम." जाताना दुसरा म्हणाला, "तुमी सकाळी वावरात एकटेच जाता ना?"

आई रडली. भाऊ रागावला, पण त्यांच्यावर नाही, माझ्यावर. दुसऱ्या दिवशी तो मला घेऊन कचेरीत आला. मी बाबूजींसमोर उभी राहिले. जे शब्द मी शेकडो वेळा दुसऱ्यांसाठी टाइप केले होते, तेच आता स्वतःसाठी बोलले.

"बाबूजी, मला विड्रॉल करायचंय."

त्यांनी माझ्या भावाकडे बघितलं. "तुमी तिकडं जा बाबू, सायकल स्टँडपाशी." भाऊ गेला.

"सांग."

मी सांगितलं. मोटारसायकली, चहा, हिंगणघाट, वावरात एकटेच जाता ना. ते मान मागे करून लिहीत गेले. लिहून झाल्यावर वाचून दाखवलं. त्यात सगळं होतं. कोण आलं, काय बोललं, कोणाला काय करू म्हणाले. शेवटी लिहिलं होतं: 'या कारणांमुळे, माझी इच्छा नसताना, मी माझे निवेदन मागे घेत आहे.'

"असं कसं देऊ बाबूजी?"

"खोटं हाय का यातलं काई?"

"नाही."

"मंग? तुले मागे घ्यायचं हाय, घे. मी तुले अडवत नाई. तुह्या जिवाची मले काळजी नाई का? पण मागे घेतलं तं का घेतलं, हे त्याहीले कळू दे."

मी सही केली. खिडकीवरच्या बाबूनं कागद वाचला आणि आत नेला. मला आत बोलावलं. साहेब माणूस वाईट नव्हता. पंखा चालू होता, टेबलावर फायलींचा ढीग होता, आणि त्यांना माझ्याबद्दल खरंच वाईट वाटत होतं. तेच मला जास्त लागलं.

"हे काय लिहून आणलं बाई तुम्ही? असं विड्रॉल होत नसते. ते नेहमीचं लिहा, स्वखुशीने म्हणून. तुमच्याकडे तर फॉरमॅट असेल."

"आहे साहेब."

"मग?"

घरी जाऊन आईला मी काय सांगणार होते ते मला माहीत नव्हतं. भाऊ बाहेर उभा होता. पण माझ्यासमोर भिंतीशी बसलेल्या त्या बाया आल्या, आणि मी म्हटलं, "मी स्वखुशीने आलेली नाही साहेब."

"मग हे घेता येत नाही. घेऊन जा परत."

"पोच द्या."

"पोच कशाची? घेतच नाही म्हटलं ना."

पोच दिली की धमकी त्यांच्या दप्तरी आली, आणि दप्तरी आली की तिचं काहीतरी करावं लागलं. हे त्यांना कळत होतं. मलाही तेव्हा कळलं. मी खिडकीवर जाऊन उभी राहिले. माझ्या मागे रांग लागली. लोक ओरडायला लागले. बाबू म्हणाला, सरका. मी सरकले नाही. पाय दुखत होते आणि मला खूप भीती वाटत होती. लोकांचा ओरडा माझ्यावरून हळूहळू बाबूकडे वळला, "देऊन टाक ना बे तिले शिक्का, आमचे कामं हाय!" शेवटी कचेरी बंद व्हायच्या जरा आधी शिक्का पडला.

त्यानंतर मोटारसायकली आमच्या घरी आल्या नाहीत. ठाण्यातून माणूस आला, जबाब घेतला, एजंटलाही बोलावणं गेलं. बेबीताईचा अर्ज पुन्हा उभा राहिला. त्या अकराजणींतल्या सहा परत आल्या, आणि या वेळी बाबूजींनी त्यांचे विड्रॉल मागे घेण्याचे अर्ज लिहिले. इतके खुश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. केस उभी आहे, तारखा पडतात. भट्टी त्या नाल्यात परत लागली नाही. दुसऱ्या कुठल्या नाल्यात लागली असेल. बेबीताईचा नवरा घरी आला, मग एकदा पुन्हा प्याला, पुन्हा दवाखान्यात गेला. आता सुटली म्हणतो.

हिंगणघाटच्या लोकांनी सोयरीक मोडली. मुलगी कचेरीत भांडते असं त्यांच्या कानावर गेलं. मी बाबूजींना सांगितलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं आणि इतके हसले की त्यांना ठसका लागला. "हा विड्रॉल तं मीच लिहून देला असता वो! कारणासगट!" त्यांचं ते हसणं ऐकून मलाही हसू आलं, आणि तो निरोप घरी आल्यापासून अडकून राहिलेलं रडूही त्याच्याबरोबर निघून गेलं.

बाबूजींना मात्र कोणी सोडलं नाही. पावसाळा संपता संपता अतिक्रमणवाले आले. पानठेला राहिला, चहाची टपरी राहिली, माझं टेबलही राहिलं. साखळी तोडून फक्त बाबूजींचं टेबल गाडीत टाकलं. ते गाडीमागे चालत गेले, "जप्तीची पोच द्या, पोच द्या," म्हणत. गाडी थांबली नाही. दुसऱ्या दिवशी ते स्टूल घेऊन आले आणि मांडीवर पुठ्ठा ठेवून लिहायला लागले. मी माझ्या टेबलाचा अर्धा भाग दिला, तर म्हणाले, "तुहं बी उचलन." शिपाई रोज येऊन उठवायचा. ते सायकल स्टँडपाशी जायचे. तिथून उठवलं की रस्त्याच्या कडेला. आपल्या टेबलासाठी त्यांनी एकामागून एक अर्ज दिले. शेवटी बेबीताईनं त्यांना बाजारात आपल्या दुकानामागे जागा दिली. मेथीच्या जुड्यांमागे बसून ते लिहायचे. आदल्या दिवशीपर्यंत लिहीत होते. थंडीच्या दिवसांत, नालवाडीत, सकाळी चहा पिता पिता गेले.

तिसऱ्या दिवशी एका स्थानिक पेपरात चार ओळी आल्या. अनेक वर्षे कचेरीसमोर अर्जनवीस म्हणून सेवा, मनमिळाऊ स्वभाव, आणि पुढे: 'वयोमानामुळे अलीकडेच त्यांनी कामातून माघार घेतली होती.'

मी ते वाचलं आणि माझं डोकं फिरलं. मनमिळाऊ ठीक आहे, मेलेला प्रत्येक माणूस मनमिळाऊ असतो. पण माघार? त्या माणसानं? मी तशीच पेपरच्या ऑफिसात गेले. तिथला उपसंपादक माझ्याच वयाचा, मोबाइलवर बोलत होता.

"मॅडम, एवढ्यासाठी? आता काय फरक पडतो?"

"त्यांनी माघार घेतली नव्हती. त्यांचं टेबल उचलून नेलं होतं. ते छापा."

"बघतो."

"बघू नका. मी बसते इथं."

मी बसले. त्यानं चहा मागवला, मी घेतला नाही. संध्याकाळी त्यानं माझ्यासमोर दोन ओळी टाइप केल्या. मी मोठ्यानं वाचून घेतल्या. 'त्यांनी कामातून माघार घेतली नव्हती. त्यांचे टेबल उचलून नेण्यात आले होते.' मी म्हटलं, कोणी नेलं तेही लिहा. तो म्हणाला, "तेवढं राहू द्या मॅडम." मी थकले होते. राहू दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेपर घेऊन बाजारात गेले. बेबीताई नुकतीच पाल टाकून भाजी मांडत होती. तिनं ओले हात लुगड्याला पुसले, पेपर घेतला, आणि ओळीवर बोट ठेवून स्वतः वाचलं. वेळ लागला. वाचून झाल्यावर तिनं पान उलटून मागे बघितलं, तिथं काही राहिलंय का म्हणून.

"कोणं नेलं थे नाई लिहलं?"

"नाही ताई."

तिनं पेपर घडी करून ब्लाउजात ठेवला. शेजारणीला म्हणाली, "जरा पाहजो वो माह्याकडं." आणि पायात चप्पल सरकवत मला म्हणाली, "मंग अजून जा लागते. चाल, मी येतो."